पलटणीतील कुटुंब साहाय्य कक्ष: पहिल्या नोंदवहीपासून रोजच्या कामापर्यंत

भारतीय सेनेच्या एखाद्या पलटणीत किंवा डेपोत कुटुंबकल्याणाचा विषय निघाला, की डोळ्यांसमोर पहिल्यांदा उभे राहते ते छावणीतील वेलफेअर सेंटर, म्हणजे चार शिवणयंत्रे, पाककलेची स्पर्धा आणि महिन्यातून एकदा भरणारा महिलांचा मेळावा. त्यात वावगे काही नाही. मात्र जवानाला फॅमिली क्वार्टर मिळते ते नोकरीतील काही वर्षांपुरते, आणि उरलेल्या काळात त्याची बायको, मुले आणि थकलेले आईवडील सातारा, कोल्हापूर, बुलढाणा किंवा बीड जिल्ह्यातील आपल्या गावी राहतात. त्यांच्या अडचणी बांधाच्या, दवाखान्याच्या, शाळेच्या दाखल्याच्या आणि कधी सासर-माहेरच्या ताणाच्या असतात, आणि छावणीतील शिवणवर्ग त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून या लेखात साहाय्य कक्षाची मांडणी गावी राहणाऱ्या कुटुंबापासून केली आहे. ज्यांच्याकडे ही जबाबदारी नव्याने आली आहे असे अधिकारी, जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ आयुक्त अधिकारी), हेडक्लार्क आणि ‘आवा’च्या (सैनिक कुटुंबांसाठी काम करणाऱ्या महिला कल्याण संस्थेच्या) स्वयंसेविका यांना हे डोळ्यांसमोर ठेवून वापरता यावे, असा प्रयत्न आहे.

आधी मोजणी

कक्षाच्या दारावर पाटी लावण्यापूर्वी एक महिना केवळ माहिती गोळा करण्यासाठी राखून ठेवावा. प्रत्येक कंपनीतील एका हवालदाराकडे आपापल्या जवानांची यादी द्यावी आणि प्रत्येकाशी समोरासमोर बसून ती भरून घ्यावी, कारण रोल कॉलमध्ये वाटलेले कागद अर्धवट भरून परत येतात. पत्नीचा स्वतःचा फोन नंबर, त्या गावात रेंज मिळते अशा शेजाऱ्याचा किंवा भावकीतील व्यक्तीचा दुसरा नंबर, तालुका, जवळचे पोलीस ठाणे, घरातील दीर्घ आजारी किंवा दिव्यांग व्यक्ती, मुलांच्या इयत्ता आणि आईवडील कोणाकडे राहतात, एवढी माहिती पुरेशी आहे. जास्त विचारले तर लोक बिचकतात आणि माहितीही लवकर शिळी होते.

या यादीचे सरळ पाच गट पडतात: स्टेशनवरच्या क्वार्टरमध्ये राहणारी कुटुंबे, नवरा फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, असल्यामुळे दुसऱ्या स्टेशनवरच्या सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बायका, गावाकडची कुटुंबे, अग्निवीरांचे आईवडील, आणि मुलकी (गणवेशात नसलेले) कर्मचारी. प्रत्येक गटाचे हक्क वेगळे, कागद वेगळे आणि दारही वेगळे असते. मुलकी कर्मचाऱ्याच्या पत्नीला ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकचा पत्ता देणे किंवा अग्निवीराच्या आईला कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम समजावत बसणे, या चुका सदिच्छेपोटीच होतात आणि त्या माणसाचा पूर्ण दिवस वाया घालवतात.

लग्नात बदललेले नाव

कक्षाच्या कामाचा निम्माअधिक भाग कागदाचा असतो. लग्न, अपत्यजन्म, घटस्फोट, मृत्यू यांपैकी जे काही घडेल ते पार्ट टू ऑर्डरने (जवानाच्या नोंदीतील बदल कळवणाऱ्या युनिटच्या लेखी आदेशाने) रेकॉर्ड ऑफिसपर्यंत, म्हणजे सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयापर्यंत, पोचले नाही, तर सेनेच्या दृष्टीने ते घडलेलेच नसते. पत्नीचे डिपेंडंट कार्ड, लष्करी रुग्णालयातील उपचार, मुलांचा शिक्षण भत्ता आणि पुढे निवृत्तिवेतन हे सगळे त्या एका आदेशावर टांगलेले असते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या हद्दीत ग्रामसेवकाकडे विवाहनोंदणी होते, म्हणून लग्नासाठी सुट्टीवर निघालेल्या जवानाला निघण्यापूर्वीच बजावावे, की विवाहाचे नोंदणी प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय परत यायचे नाही. पत्रिका आणि हॉलचे फोटो यांनी काम भागत नाही.

आपल्याकडची एक खास अडचण इथे सांगितली पाहिजे. अनेक घरांत लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत अजून आहे. मी ज्या पलटणीत हे काम पाहत होतो तिथे एका जवानाचे सुट्टीवर असताना रस्ते अपघातात निधन झाले. त्याच्या पत्नीचे पार्ट टू ऑर्डरमधील नाव सासरचे, तर आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक होते, पण कागदाला ठाऊक नव्हते. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदलाची नोंद, बँकेतील दुरुस्ती आणि पुन्हा रेकॉर्ड ऑफिस या फेऱ्यांत आठ महिने गेले, आणि त्या आठ महिन्यांत तिच्या मोठ्या मुलाचे शाळेचे शुल्क मामाने भरले. हे प्रकरण मिटल्यावर आम्ही नोंदवहीत ‘माहेरचे नाव’ असा रकाना वाढवला, आणि पहिल्या तपासणीतच एकाच कंपनीत अशी अकरा नावे निघाली.

म्हणून पत्नी आणि प्रत्येक मुलासाठी आधार, पार्ट टू ऑर्डर, बँक खाते आणि शाळेचा किंवा जन्माचा दाखला हे चार कागद शेजारी शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवावी. ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ हा फरक मराठीत किरकोळ वाटतो, इंग्रजी स्पेलिंगमध्ये तोच फरक संगणक अडवून धरतो. पती-पत्नीचे संयुक्त खाते आहे का, गटविम्यासाठी नेमलेली व्यक्ती कोण आहे आणि ती नोंद लग्नापूर्वीची तर नाही ना, हेही त्याच बैठकीत पाहावे. आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड १९७६ पासून सुरू आहे, तरी आईच्या नावाचे जुने नामनिर्देशन लग्नानंतर पुन्हा कधीच न उघडलेले जवान दर वर्षी सापडतात. आईचे नाव काढूनच टाका असा आग्रह कक्षाने धरू नये. कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे पत्नीकडे जाते, त्यामुळे विम्यातील काही हिस्सा आईवडिलांच्या नावे ठेवण्याचा विचार जवानाने शांत डोक्याने, हयातीत करावा, एवढे त्याला सुचवावे. जवान गेल्यानंतर सून आणि सासू-सासरे यांच्यात पैशावरून जे कडवट वाद होतात, त्यांतील बरेचसे या अर्ध्या तासाच्या बोलण्याने टळू शकतात.

खोली, माणसे आणि रँक

कक्षासाठी गेटजवळची, स्वतंत्र दार असलेली खोली निवडावी. तक्रार घेऊन आलेल्या बाईला क्वार्टर गार्ड आणि ॲडज्युटंटचे ऑफिस ओलांडून यावे लागले, तर ती दुसऱ्यांदा येत नाही. टेबल भिंतीला लावून खुर्च्या काटकोनात मांडाव्यात, पाण्याचा तांब्या आणि मुलांसाठी एक सतरंजी ठेवावी, आणि फोन असा असावा की जो कक्षातील व्यक्ती बदलली तरी बदलणार नाही. हा शेवटचा मुद्दा दिसतो तेवढा छोटा नाही. गावाकडच्या बाईने डायरीत लिहून ठेवलेला नंबर बदलीवर गेलेल्या हवालदाराच्या खिशात निघून गेला, की तिच्यापुरता कक्ष बंद झाला.

माणसे तीन हवीत: गावाकडच्या व्यवहारांची जाण असलेला अनुभवी जेसीओ, कागदपत्रांत तरबेज असा क्लार्क, आणि महिलांशी बोलण्यासाठी प्रशिक्षित समुपदेशिका किंवा स्वयंसेविका. शेवटच्या जागेबाबत स्पष्ट बोलणे भाग आहे. ‘आवा’ ही १९६६ मध्ये नोंदलेली संस्था असून दिव्यांग मुलांच्या आशा शाळांपासून वीरनारींच्या (शहीद जवानांच्या पत्नींच्या) पुनर्वसनापर्यंत तिचे काम मोठे आहे. पण ती स्वयंसेवी संस्था आहे, हुकमाच्या साखळीतील कडी नव्हे. जवानाच्या पत्नीला नवऱ्याच्या दारूविषयी बोलायचे असेल आणि समोर त्याच्याच कंपनी कमांडरची पत्नी बसलेली असेल, तर ती ‘सगळं ठीक आहे मॅडम’ म्हणून उठेल. त्यामुळे कौटुंबिक तक्रार ऐकणारी व्यक्ती शक्यतो दुसऱ्या युनिटशी संबंधित असावी, नाहीतर बाहेरून मानधनावर घेतलेली समुपदेशिका असावी. मेळाव्याची हजेरी ऐच्छिक ठेवावी. सक्तीने भरलेल्या सभागृहात खुर्च्या भरतात, माहिती मिळत नाही.

नोंदवह्या दोन ठेवाव्यात. पहिलीत कागदपत्रांची कामे नावानिशी लिहावीत. दुसरीत घरगुती आणि मानसिक स्वरूपाची प्रकरणे केवळ क्रमांकाने लिहावीत आणि क्रमांक-नावांची यादी वेगळ्या कुलपात ठेवावी. दुसऱ्या वहीतील एखादी गोष्ट एकदा जरी मेसमध्ये चघळली गेली, तरी ती वही पुढे कायम कोरी राहील.

गावाकडची बाजू

जवान सुट्टीचा अर्ज घेऊन येतो तेव्हा कारणाच्या रकान्यात ‘घरगुती काम’ लिहिलेले असते आणि त्यामागे बहुधा जमीन असते. भावकीने बांध कोरला, वहिवाटीचा रस्ता अडवला, वडिलांच्या पश्चात वारसनोंदीत एखादे नाव गाळले, अशी ही प्रकरणे असतात. जेसीओला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची कॅज्युअल रजा मिळते, जवानालाही तेवढीच. ती सगळी तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊ नये, यासाठी कक्षाने तीन गोष्टी तयार ठेवाव्यात.

पहिली म्हणजे मुदतींचे भान. महाराष्ट्रात शेताची वाट किंवा पाण्याचा प्रवाह कोणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकत घेण्यासाठी पंधरा दिवसच असतात. सीमेवरच्या जवानाला ही गोष्ट चौथ्या महिन्यात फोनवर ओझरती कळते, म्हणून पत्नीच्या किंवा वडिलांच्या नावाने मुखत्यारपत्र आधीच करून ठेवणे हाच खरा उपाय आहे, आणि तो सुट्टीत एका दिवसात होतो. हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात द्यावा लागतो. तलाठ्याकडे खेटे घालून हद्द ठरत नाही, हे कक्षातील जेसीओने जवानाला आधीच सांगावे.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्र. कमांडिंग ऑफिसरने जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक यांना लिहिलेल्या पत्राला वजन असते, मात्र त्यात गट क्रमांक, फेरफार क्रमांक, यापूर्वी दिलेल्या अर्जाची तारीख आणि नेमकी मागणी हवी. ‘सदर जवान देशसेवेत असल्याने त्यास सहकार्य व्हावे’ एवढ्याच मजकुराचे पत्र आवक-जावक नोंदीत जाऊन झोपते. पत्राची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्यावी आणि पंधरा दिवसांनी तिथे फोन करावा. ही कार्यालये माजी सैनिकांपुरतीच आहेत असा समज सर्रास आढळतो. सेवेतील सैनिकांच्या कुटुंबांची गाऱ्हाणी जिल्हा प्रशासनापुढे मांडणे हेही त्यांचे काम आहे.

तिसरी गोष्ट न्यायालयाची. सैनिक विशेष परिस्थितीत तैनात असल्यामुळे दाव्यात हजर राहू शकत नसेल, तर भारतीय सैनिकांच्या दाव्यांविषयीच्या १९२५ च्या कायद्यानुसार विहित अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र सादर करून कामकाज स्थगित करवून घेता येते. या कायद्याची माहिती तालुक्याच्या वकिलांनाही नसते असा अनुभव येतो, तेव्हा प्रमाणपत्रासोबत कायद्याची प्रत जोडावी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून तिच्याद्वारे सैनिक मंडळांच्या कार्यालयांत विधी साहाय्य केंद्रे उभारली जात आहेत. आपल्या जवानांच्या जिल्ह्यांत असे केंद्र सुरू झाले आहे का, हे क्लार्कने फोन करून पाहावे आणि उत्तर नोंदवहीत लिहावे.

मनावरचा ताण

सुट्टीवरून परतलेल्या जवानाचे पहिले दोन आठवडे कक्षाने नजरेत ठेवावेत. घरचा जो प्रश्न सुटला नाही, त्याचे ओझे या काळात सर्वांत जास्त असते. झोप उडणे, लंगरमध्ये एकटे बसणे, फोननंतर गप्प होणे, हातातले पैसे अचानक संपणे, या खुणा बडीला (सोबतीच्या जोडीदार जवानाला) आधी दिसतात, अधिकाऱ्याला नंतर. बडीने सांगितलेली गोष्ट ‘चुगली’ ठरू नये, याची जबाबदारी सुभेदार मेजर साहेबांनी उघडपणे घ्यावी, आणि सैनिक संमेलनात तसे बोलून दाखवावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि सशस्त्र दलांसाठी तिचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे. हा क्रमांक बॅरकमध्ये लावावाच, पण गावाकडच्या पत्नीलाही पाठवावा.

पत्नीने मारहाणीची तक्रार केली तर कक्षाचे पहिले काम तिच्या आणि मुलांच्या सुरक्षेचे. त्याच दिवशी दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाका’ म्हणणे सोपे वाटते, आणि बहुतेक वेळा तेच सर्वांत घातक ठरते. तिला १८१ या महिला हेल्पलाइनची, वैद्यकीय तपासणीची आणि लष्करी कायद्यानुसार नवऱ्याच्या पगारातून निर्वाहाची रक्कम मागण्याच्या अर्जाची माहिती लेखी द्यावी, आणि पुढचा निर्णय तिच्यावर सोडावा.

निधन किंवा गंभीर दुखापत झाल्यास

या प्रसंगाची कार्ययादी शांततेच्या काळात लिहून भिंतीवर लावलेली असावी. पत्नीला बातमी फोनवर कधीही देऊ नये. जवळचे स्टेशन हेडक्वार्टर, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय किंवा स्थानिक पोलीस ठाणे यांच्यामार्फत गणवेशातील व्यक्ती आणि घरातील एक वडीलधारी व्यक्ती यांनी मिळून घरी जावे. आजची शर्यत व्हॉट्सॲपशी असते, म्हणून ही माणसे घरी पोचेपर्यंत पलटणीतून एकही संदेश बाहेर जाणार नाही, अशी ताकीद पहिल्या मिनिटाला द्यावी लागते. पार्थिवासोबत जाणारा जेसीओ त्या जिल्ह्याची भाषा बोलणारा असावा. अंत्यसंस्कारानंतर तो दुसऱ्या दिवशी परतला तर घरच्यांच्या हाती प्रश्नच उरतात. किमान तेराव्यापर्यंत त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने तिथे राहावे, आणि त्या काळात कोणत्याही कागदावर घाईने सही घेऊ नये.

त्यानंतर मृत्यूच्या वर्गीकरणाकडे लक्ष द्यावे, कारण निवृत्तिवेतन त्यावर ठरते. सेवेशी संबंध नसलेल्या मृत्यूत सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते, आणि सेवेत असताना मृत्यू झाल्यास पहिली दहा वर्षे ते ५० टक्के दराने मिळते. मृत्यू सेवेमुळे झाल्याचे मान्य झाल्यास विशेष निवृत्तिवेतन ६० टक्के, आणि युद्धजन्य परिस्थितीत १०० टक्के उदारीकृत निवृत्तिवेतन. चौकशी अदालतीतील (कोर्ट ऑफ इन्क्वायरीतील) एका ढिल्या वाक्यामुळे कुटुंब ६० वरून ५० वर आणि दहा वर्षांनंतर ३० वर घसरू शकते. म्हणून साक्षीदारांचे जबाब, ड्यूटीचा आदेश आणि हवामान किंवा वाहनाच्या नोंदी पहिल्या आठवड्यातच जमवाव्यात.

जखमी जवानाच्या बाबतीत महाराष्ट्राला एक सोय जवळ आहे. पुण्यात कमांड हॉस्पिटल आणि १९४४ पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, तर खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आणि १९१७ मध्ये स्थापन झालेली, दिव्यांग सैनिकांना नवा व्यवसाय शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. दूरच्या पलटणीतून तिथे पाठवलेल्या जवानाच्या पत्नीची राहण्याची सोय, मुलांची शाळा आणि तिच्यासोबत हिंडणारा एक माणूस यांची व्यवस्था मूळ पलटणीनेच करायची असते. रुग्णालय रुग्णाची काळजी घेते, बाकीचे त्याच्या हातात नसते.

अग्निवीर आणि मुलकी कर्मचारी

अग्निवीरांच्या आईवडिलांना वेगळी, लेखी माहितीपत्रिका द्यावी. चार वर्षांची सेवा, कायम होण्याची संधी २५ टक्क्यांपर्यंत, स्वतःचा हप्ता न भरता ४८ लाख रुपयांचा विमा, सेवेमुळे मृत्यू झाल्यास ४४ लाखांचे सानुग्रह साहाय्य, आणि निवृत्तिवेतन किंवा ईसीएचएस नाही, हे सगळे भरतीच्या आनंदात कोणी नीट वाचलेले नसते. तिसऱ्या वर्षापासून पोलीस भरती, मुक्त विद्यापीठाचे प्रवेश आणि बँकेतील बचत यांविषयी दर तिमाहीला एक बैठक ठेवली, तर चौथ्या वर्षाअखेरीस घरी परतणाऱ्या मुलाच्या हाती काही तरी बेत असतो.

डेपो, वर्कशॉप आणि एमईएस (लष्करी अभियांत्रिकी सेवा) यांमधील मुलकी कर्मचारी हा पलटणीच्या कल्याणविचारातून हमखास सुटणारा गट. त्यांना वैद्यकीय सेवा केंद्रीय योजनेतून मिळते; १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांचे निवृत्तिवेतन नव्या पद्धतीचे असते; महिलांना १८० दिवसांची प्रसूती रजा आणि सेवाकाळात एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. ही रजा ‘मंजूर करता येते’ असे नियम म्हणतो, ‘मिळेलच’ असे म्हणत नाही, त्यामुळे तिचे वेळापत्रक विभागप्रमुखाशी आधी बोलून ठरवणे दोघांच्याही हिताचे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे, आणि तिच्या सदस्यांची नावे लावलेला फलक महिलांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर असावा, स्टोअरच्या मागे नसावा. कर्मचारी सेवेत वारला तर अनुकंपा नियुक्तीसाठी गट ‘क’च्या सरळसेवेच्या रिक्त पदांपैकी ५ टक्केच जागा असतात, हे विधवेला पहिल्याच भेटीत खरेखरे सांगावे. खोट्या आशेवर तिची चार-चार वर्षे जातात. कंत्राटी सफाई कामगार आणि माळी यांचे भविष्यनिर्वाह निधीचे हप्ते ठेकेदार भरतो की नाही, हे तीन महिन्यांतून एकदा त्यांच्याच मोबाइलवर तपासून देणे, हा या कक्षाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपक्रम आम्हाला वाटला.

पैसा आणि आढावा

रेजिमेंटल फंडातून (पलटणीच्या स्वतःच्या निधीतून) होणाऱ्या मदतीचा ठराव, पावती आणि वार्षिक लेखापरीक्षण याबाबत नेहमीचेच नियम लागू आहेत. मदत कर्ज आहे की अनुदान, हे दिल्याच दिवशी कागदावर असावे.

आढाव्यात कार्यक्रमांची संख्या मोजू नये. तीस दिवसांहून जुनी किती प्रकरणे उघडी आहेत आणि ती कोणाच्या टेबलावर अडली आहेत, हा एकच तक्ता दर महिन्याला कमांडिंग ऑफिसरपुढे ठेवावा. त्याशिवाय दर शनिवारी सकाळी जेसीओने नोंदवहीतून गावाकडची दहा कुटुंबे निवडून स्वतःहून फोन करावा. पहिल्या फोनला पलीकडची बाई घाबरते, ‘काय झालं हो यांना?’ असेच विचारते, म्हणून ‘नमस्कार’ म्हणण्याच्याही आधी ‘सगळं ठीक आहे, सहज फोन केलाय’ हे वाक्य बोलावे. आमच्याकडे ते वाक्य फोनच्या वरच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेले होते.